इस्तारी ढिवराचा शेवटचा सवाल

इस्तारी ढिवर गेला हे मला आरमोरीच्या बाजारात कळलं. मी गाडगी मांडून बसलो होतो. एक बाई गाडगं उचलून बोटानं वाजवून पाहत होती. पाहता पाहता ती म्हणाली, "सावरटोल्याचा शाहीर मेला म्हनते ना भाऊ." मी तिच्या हातातलं गाडगं काढून घेतलं आणि म्हटलं, घ्यायचं नसेल तर नको घेऊ, पण भर बाजारात असं अभद्र बोलू नको. बाई बिचारी निघून गेली. शेजारच्या मिरचीवाल्यानं मान हलवली तेव्हा मला खरं वाटलं. ज्याच्याशी अर्धा जन्म भांडलो तो माणूस मेला आणि मला ते गिऱ्हाइकाकडून कळावं, याचा इतका राग आला की बाजार अर्ध्यावर मोडून मी घरी आलो.

राग कोणावर ते विचारू नका. इस्तारीवरच.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चांदा जिल्ह्याच्या या वैनगंगेकाठच्या गावांत, भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, जिलेबी आणि बांगड्यांची दुकानं लागतात आणि दुपारी गावाच्या आखरावर, जिथं सकाळी गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेत, खडी गंमत उभी राहते. दोन संच समोरासमोर. एका संचाच्या डफाला कलगी बांधलेली, दुसऱ्याच्या डफाला तुरा. पुढं डफ घेऊन शाहीर, मागं ढोलकी आणि तुणतुणं, लुगडं नेसलेला नाच्या, आणि दोन-तीन झीलकरी. झीलकरी म्हणजे शाहिराच्या ओळीचं शेपूट धरून लांबवणारे. शाहीर म्हणणार सगळं कवन, हे म्हणणार नुसतं जी जी.

एक शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्यानं पुराण धुंडाळून गाण्यातच जवाब द्यायचा. तीन वेळा चुकला तर त्यानं आपल्या डफाची कलगी नाहीतर तुरा सोडून स्वतःच्या हातानं समोरच्याच्या डफाला बांधायचा. तुरा एकदा सुटला की त्या सवालाचं उत्तर त्या वर्षी देता येत नाही. पुढच्या मंडईत उभं राहून द्यायचं आणि तुरा परत न्यायचा. हा आमचा कायदा. बाकीचे कायदे सरकार बदलतं, हा कोणी बदलला नाही.

कलगीचा शाहीर इस्तारी. तुऱ्याचा मी, रामाजी कुंभार.

आमच्या दोघांत शाहीर म्हणून मोठा कोण, असं कोणी विचारलं तर मी आजही माझंच नाव सांगीन. गाणं मी बांधायचो चांगलं. पण माणसं इस्तारीला पाहायला येत, हे नाकारलं तर जीभ झडेल. त्याची एक खोड होती. संच आखरावर उभा राहायचा, ढोलकी सुरू व्हायची, झीलकरी तयार, आणि शाहिराचाच पत्ता नाही. लोक इकडंतिकडं पाहायला लागायचे. म्हाताऱ्या म्हणायच्या, आला नाही वाटते बाप्पा. आणि मग कुठल्या तरी जिलेबीच्या कढईमागून, नाहीतर बैलगाडीच्या जुवावरून, त्याचा आवाज उठायचा. लोक बाजूला व्हायचे आणि हा त्यांच्यातून वाट काढत, एक डोळा मिटून, डफ कानाला लावून गात यायचा. कोणाच्या हातातला पानाचा विडा उचलायचा, कोणाच्या पोराच्या डोक्यावर टिचकी मारायचा. आखराच्या मध्यावर पोचेपर्यंत अर्धी मंडई त्याच्या खिशात. मी अर्धा घसा बसवून जे मिळवायचो ते हा चालत येता येता घ्यायचा. मला सांगा, राग येणार नाही?

त्याचं घर नदीपलीकडं सावरटोल्यात, तळ्याच्या पाळीवर. मालगुजारी गेली, मालगुजार गेले, पण तळं राहिलं आणि त्यात मासे धरणारे ढिवर राहिले. छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ओढायचं तर पलीकडच्याला ओरडूनच सांगावं लागतं. त्यातून त्याचा आवाज तयार झाला. पाण्यावरून जाणारा आवाज. सांजच्याला नदीच्या या काठी मी चाकावर बसलेला असताना तो पलीकडून ऐकू यायचा, असं मी म्हटलं तर लोक म्हणतील कुंभार फेकतो. पण यायचा. वारा तिकडून असला म्हणजे.

त्याला अक्षर येत नव्हतं. मला येतं, चौथी शिकलो आहे. पण गाणं मी लिहून ठेवत नाही. चिखलाच्या हातानं कोण लिहितो? आमचं दोघांचंही सगळं तोंडात.

आणि माझ्यावर त्यानं काय काय रचलं म्हणता. एका मंडईत त्यानं हे म्हटलं:

कुंभाराच्या गाडग्यावानी रामाजीचा गळा
वाजवून पाहा घेतानी बाई, आतून गेला तडा

झालं. त्या दिवसापासून बाजारात बाया गाडगं उचलून वाजवतात आणि माझ्याकडं पाहून हसतात. गाडगं वाजवून घेणं ही जुनीच रीत, पण त्यात हसणं इस्तारीनं घातलं. मीही सोडलं नाही. पुढच्याच मंडईत म्हटलं:

शब्दासाठी जाळं फेकलं, शेवाळ आलं हाती
इस्तारी त्याले मासोळी म्हने, पाहा त्याची मती

त्यावर तो असा खदखदून हसला की त्याचा डफ हातातून पडला. जिंकलो मी आणि टाळ्या त्याच्या हसण्याला. असा माणूस.

शेवटच्या मंडईत तो खोकत होता. बिडीचा धूर लागला म्हणे. कोट ढगळ झाला होता त्याला. मी म्हटलंसुद्धा, अरे वाळून काऊन चालला? तर म्हणाला, "तुह्या गान्यानं जीव आंबला रे." मी परत त्याला पाहिलं नाही. पोळ्याच्या आधी तो गेला.

तो गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपलं राज्य. या दोन्ही काठांवर तुऱ्याला विचारणारा कोणी उरला नाही. पण झालं उलटंच. मी चाकावर बसायचो, मडकं उतरायचं, ओळ उतरायची नाही. इतकी वर्षं माझं प्रत्येक कवन त्याला टोला म्हणून निघालं होतं. आता टोला मारू कोणाला? माझी बायको वच्छला म्हणाली, "भांडाले मानूस नाई म्हनून माह्यासंगं भांडून राह्यले तुमी." ते खरं होतं.

दसरा झाल्यावर एका दुपारी नदीपलीकडून डोंगा आला. त्यातून इस्तारीची बायको कुंता उतरली. तिच्यामागं दोघं जण, त्याच्या संचातला झीलकरी उमाजी आणि ढोलकीवाला झिंगू. झिंगू आत जंगलातल्या गोंड पाड्यावरचा. मोहाची फुलं वेचायचे दिवस सोडले तर तो इस्तारीच्याच ओसरीवर असायचा. कुंतानं पदरात शिंगाडे आणले होते. वच्छलानं ते घेतले आणि तिला बसायला पाट दिला. मी मातीतून उठलो नाही. नुसता गोळा वळत राहिलो.

"रामाजीभाऊ," कुंता म्हणाली, "गावच्या लोकायनं इचारलं, औंदा मंडईत कलगी उभी राहाची का नाई? शाहीर नाई तं विडा दुसऱ्या गावच्या संचाले देतो म्हने. तं मी विडा घेतला."

मी चमकलो. गंमतीचा विडा एकदा घेतला की मागं फिरता येत नाही. घेतला आणि संच उभा राहिला नाही तर त्या डफावर पुन्हा कलगी चढत नाही.

"विडा तं घेतला," मी म्हटलं, "गाईन कोन?"

"उमाजी गाईन."

उमाजीनं खाली पाहिलं. तो म्हणाला, "भाऊ, आवाज हाये माह्याजवळ. गानं नाई. आमच्याजवळ नुसती झील हाये."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. झीलकऱ्याचा जन्म ओळीच्या शेपटावर जातो. पुढचं सगळं शाहिराचं. मागं उभा राहणारा माणूस कवन ऐकतो थोडंच, तो ऐकतो ते ओळ कुठं संपते तेवढं. इस्तारीच्या पूर्ण संचात इस्तारीचं एकही गाणं पुरं कोणाला येत नव्हतं. इतक्या वर्षांची कवनं, आणि घरात उरलं होतं फक्त जी जी.

"मंग मी काय करू?" मी म्हटलं.

कुंता माझ्याकडं पाहत राहिली. "तुमी समोर उभे राहत होते, भाऊ. जवाब द्याचा तं सवाल पुरा आयकाच लागते."

मला येत होतं. सगळं. पहिल्या मंडईपासून शेवटच्या मंडईपर्यंत त्यानं जे जे म्हटलं ते माझ्या पोटात होतं, शब्दाला शब्द. दुश्मनाचा एक शब्द सुटला तर जवाब चुकतो, म्हणून मी कान टवकारून उभा असायचो. माझी स्वतःची जुनी गाणी मी विसरलो असेन, त्याचं एक नाही.

"नाव घ्याले मागं लेकरू नाई आमाले," कुंता म्हणाली. "त्याचं नाव हाये ते छापेत हाये. गानं गेलं तं तेबी गेलं."

छाप म्हणजे शेवटच्या ओळीत येणारं शाहिराचं नाव. ते कोणी बदलत नाही. दुसऱ्याच्या गाण्यात आपली छाप घालणारा शाहीर आमच्याकडं चोर म्हणून ओळखला जातो. मी हो म्हटलं तर माझ्या चिखलात उभं राहून मला इस्तारीचं नाव घेत बसावं लागणार, आणि मंडईत पुन्हा माझ्यासमोर कलगी उभी राहणार, माझ्याच हातानं उभी केलेली. आणि वर त्या गाडग्याचं गाणंही शिकवावं लागणार.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. वच्छला घरातून म्हणाली, "इचार काय कराचा त्यात? दोन महिने झाले, तुमी रोज त्याचंच गानं गुणगुणून राह्यले. आमाले फुकट आयकवता, त्यायले शिकवा."

बायकोपुढं शहाणपण चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तिघं रोज डोंग्यानं यायला लागली.

माझी एक अडचण होती. मला गाणं बसून आठवत नाही. पायाखाली माती पाहिजे. माती तुडवायला लागलो की ओळीमागून ओळ येते, थांबलो की बंद. कुंता ओसरीवर बसायची आणि आम्ही दोघं चिखलात, मी पुढं, उमाजी मागं, गोल गोल फिरत. झिंगू बाजूला ढोलकी घेऊन. काही दिवसांनी तोही ढोलकी ठेवून चिखलात उतरला, म्हणाला ताल पायातच बरा कळते. त्या वर्षी माझी माती इतकी मळली गेली की गाडग्यांचा आवा एक जास्तीचा भाजावा लागला. गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून पाहायची. कोणी म्हणालं, कुंभारानं बैल ठेवले वाटते.

गाणी उमाजीला लवकर चढली. घोडं अडलं दुसऱ्याच ठिकाणी. तो ओळ सुरूच करायचा नाही. ढोलकी वाजायची, वेळ व्हायची आणि हा तोंड उघडून थांबायचा. जन्मभर सवय, पुढचा कोणी तरी म्हणेल मग आपण धरायचं. आणि कशीबशी ओळ म्हटली तर शेवटाला येऊन स्वतःच जी जी करायचा, मग दम संपायचा. मी ओरडलो, "अरे, तुह्या मांगं आता दुसरा उभा राहीन, तो वढीन झील. तू पुढं चाल." तो म्हणायचा, हो भाऊ. आणि पुन्हा तेच.

आठवडा असा गेला. मी हात टेकले. त्या दिवशी मी चिखलातून बाहेर येऊन कुंताला म्हटलं, याला जमणार नाही, विडा परत दे.

कुंता शिंगाडे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमी त्याले मास्तरावानी शिकवून राह्यले, भाऊ," ती म्हणाली. "इस्तारी कधी कोनाले गानं आयकवत नव्हता. तो तुमच्यासंगं भांडत होता. भांडा याच्यासंगं."

मग मी भांडलो. मन लावून भांडलो. उमाजीच्या आवाजाला नावं ठेवली, त्याच्या चालण्याला ठेवली. इस्तारीच्या डफाला हात लावायची तुझी लायकी नाही, तू जन्मभर दुसऱ्याचं शेपूट धरून चालला, असं म्हटलं. इस्तारीवर रचलेलं माझं शेवाळाचं कवन त्याच्या तोंडावर म्हटलं. त्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगली. माझी ओळ संपायच्या आत त्यानं गाडग्याचं गाणं असं उचललं की वच्छला घरातून बाहेर आली. एक ओळ, दुसरी, तिसरी, मागं कोण आहे कोण नाही याची त्याला फिकीर नाही. "आतून गेला तडा" म्हणताना त्यानं माझ्या छातीवर चिखलाचं बोट टेकवलं. अगदी इस्तारी टेकवायचा तसं.

कुंता हसली. इस्तारी गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली असेल. मग मला म्हणाली, "एवढं वंगाळ गानं तुमच्यावरचं, आन एक शब्द नाई सोडला तुमी. राग नव्हता आला?"

"आला ना," मी म्हटलं. "म्हनून तं पाठ झालं."

दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटचं गाणंही झालं. माझ्या पोटात होतं तेवढं मी रिकामं केलं. मला हलकं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. डोंग्यात चढताना कुंता थांबली. "सारं तुमच्यापासून घेतलं, भाऊ," ती म्हणाली. "पन एक गानं आमच्याजवळ हाये. औंदाच्या मंडईसाठी रचलं होतं त्यानं. मी आयकलं, मी उमाजीले देल्लं. ते तुमाले मंडईतच भेटन."

"म्हन ना आताच," मी म्हटलं.

"ते कसं? सवाल हाये तो."

डोंगा गेला. मी काठावर दात खात उभा राहिलो. यांना सगळं दिलं आणि ह्यांनी माझ्याचसाठी खड्डा खणून ठेवला. त्या रात्री मी पुराणातल्या सगळ्या कथा डोक्यात लावून ठेवल्या, देवांच्या, दैत्यांच्या, ऋषींच्या. म्हटलं, ये इस्तारी, टाक सवाल.

सावरटोल्याची मंडई त्या वर्षी दाट भरली होती. शाहीर नसलेली कलगी कशी उभी राहते हे पाहायला माणसं चार कोसांवरून आली होती. माझ्या संचानं आधी गण म्हटला. मग समोर कलगीचा संच उभा राहिला. झिंगूच्या गळ्यात ढोलकी, दोन नवे झीलकरी, नाच्या, आणि पुढची जागा मोकळी. झिंगूनं ढोलकी सुरू केली. लोक पाहत राहिले. एक म्हातारी म्हणाली, "पुढं कोनीच नाई ना बाप्पा."

मलाही वाटलं, उमाजी पळाला. इतकं शिकवून, इतकं भांडून शेवटी त्यानं आपला जुना धंदाच केला, वाट पाहायचा.

आणि बांगड्यांच्या दुकानामागून आवाज उठला. इस्तारीचा नव्हे. उमाजीचा आवाज नाकातला, थोडा उंच. पण लोक बाजूला झाले, आणि तो डफ कानाला लावून, एक डोळा मिटून, माणसांतून वाट काढत आला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. येता येता त्यानं माझ्याच हातातला विडा उचलला आणि तोंडात टाकला. मंडई ओरडली. माझे डोळे भरून आले. ते मी धुळीवर ढकललं.

गाडग्याचं गाणं झालं. बायांनी हसून घेतलं. मी शेवाळ म्हटलं, पुरुषांनी हसून घेतलं. मग उमाजीनं डफावर थाप मारली, झील थांबवली, आणि सवाल टाकला.

तळं माझं, जाळं माझं, मासोळी माझी सारी
ढिवर गेला, जाळं फाटलं, मासोळी कोनाच्या दारी?
नाई सोयरा, नाई धायरा, नाई घरचा भाई
जन्माचा जो वैरी व्हता, त्याच्याच घरी जाई
कोन तो वैरी, सांग शाहिरा, पोथ्यापुरान धुंडून
इस्तारी ढिवर सवाल टाकते डफावर बोट मांडून

पोथ्यापुराण म्हटल्यावर मी पुराणात शिरलो. कायद्यानं जवाब गाण्यातच द्यायचा. मी बिभीषणावर दोन ओळी बांधल्या, तो वैऱ्याच्या घरी गेला होता. उमाजीनं मान हलवली, झिंगूनं ढोलकीवर एक टोला दिला. मी कर्णावर बांधल्या. दुसरा टोला. आता लोक हसायला लागले होते, आणि मला कळेना का हसतात. जिलेबीवाला हसतो, बांगडीवाला हसतो, माझ्या स्वतःच्या संचातला तुणतुणेवाला तोंड फिरवून हसतो. बायांमध्ये कुंता बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मी प्रल्हाद म्हटला, का म्हटला ते देव जाणे. तिसरा टोला पडला.

हरलो. मेलेल्या माणसाकडून भर मंडईत हरलो. माझं रक्त असं तापलं की विचारू नका. मी डफाचा तुरा सोडला आणि कायद्याप्रमाणे तो इस्तारीच्या डफाला बांधायला पुढं गेलो. उमाजीनं डफ खाली धरला. गाठ मारायला मी वाकलो, आणि मला उमाजीचे पाय दिसले. नखांच्या कडेला, टाचेच्या भेगांत माझ्या अंगणातली तांबडी माती बसली होती. बाजूला झिंगूचे पाय, तेही तसेच. आंघोळीनं जाणारी माती नाही ती, मला माहीत आहे.

माझा हात गाठीवरच थांबला.

ढिवर गेला, मासोळी कोनाच्या दारी? माझ्या. पुराणात कशाला जायचं होतं. अख्ख्या मंडईला कळलं होतं, कुंपणाशी उभं राहून माती तुडवताना पाहणाऱ्या पोरासोरांना कळलं होतं, एका रामाजी कुंभाराला तेवढं कळलं नाही.

मी तोंड उघडलं. उमाजी हळूच म्हणाला, "आता नाई, भाऊ. तुरा सुटला तुमचा. पुढच्या मंडईत."

मी कुंताकडं गेलो. मी विचारलं, हे त्यानं कधी रचलं?

"खाटेवर होता तेव्हा," ती म्हणाली. "गळ्यात आवाज नव्हता, मले कानाशी बसवून सांगितलं. म्हने, मी गेल्यावर रामाजीकडं जाजो. त्याले माहं सारं येते. पहिले तोंड वाकडं करन, मंग देईन. आन सवाल त्याले सांगजो नको, तो पुरानात धुंडते का नाई ते पाहाचं हाये मले." मग तिनं उमाजीच्या हातातल्या डफाकडं पाहिलं. "पाहाचं हाये म्हने. मी म्हटलं, मी पाहीन तुह्याकडून."

तिथं भर मंडईत मी रडलो. शाहीर रडला म्हणून कोणी काही म्हणालं नाही. झिंगूनं मला जिलेबी आणून दिली, ती मी खाल्ली.

परतीला डोंग्यात बसलो तेव्हा नदीवर ऊन उतरत होतं. माझा डफ मांडीवर, तुऱ्याविना, बोडका. पण डोक्यात कितीतरी दिवसांनी ओळी उभ्या राहायला लागल्या होत्या. एक आली, दुसरी तिच्या मागून. उत्तर मला येत होतं आणि एक वर्ष ते पोटात घेऊन बसायचं होतं. उमाजीला वर्षभर कलगी सांभाळावी लागणार होती, मला तुरा आणायला जावं लागणार होतं. इस्तारीनं आम्हा दोघांनाही बांधून ठेवलं होतं, स्वतः मोकळा होऊन.

घरी आलो. वच्छलानं माझा बोडका डफ पाहिला, मग माझं तोंड पाहिलं.

"हरून आले ना?" ती म्हणाली. "मंग हासून काऊन राह्यले?"

मी डफ खुंटीला टांगला आणि तिला म्हटलं, "उद्यासाठी माती भिजू घाल. मले जवाब रचाचा हाये."